बायकांच्या बाजूला आवाज नव्हता

भोर,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ज्ञानूस,

रामराम आणि सलाम दोन्ही पाठवतोय, ज्याला उत्तर द्यावंसं वाटेल त्याला दे. फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, त्यामुळे पोस्टमनशिवाय इलाज उरला नाही. बडोद्याचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. कशाला हवा ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

इकडे सगळी खुशाली. अम्मीचे गुडघे बोलतात, त्यामुळे ती स्वतः जरा कमी बोलते. हीना दुकानात बसायला लागलीय आणि गिऱ्हाइकाला नवऱ्यापेक्षा चांगली सांभाळते. पाटी अजून 'ज्ञानेश्वर-अन्वर साउंड' अशीच आहे. कोणी विचारलं तर पेंटर मिळत नाही म्हणून सांगतो. चार वर्षं झाली, भोरात एक पेंटर मिळेना, काय करणार!

तिकडे मोठमोठ्या हॉलांचे साउंड बसवतोस असं ऐकलं. छान आहे. तुझ्या डोक्यातल्या गणिताला तेवढी जागा लागणारच होती. मी आपला लग्न, जत्रा, वाढदिवस आणि पुढाऱ्यांच्या घशाची सेवा करतोय.

मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे. आता येतो.

सव्वीस जानेवारीला तुमच्या वाडीत झेंडावंदन होतं आणि लगेच पाठोपाठ ग्रामसभा. साउंड माझा होता. पोरांची कवायत होती म्हणून आपले ते दोन जुने काळे स्पीकर शाळेच्या पटांगणाच्या दोन टोकांना, समोरासमोर लावले होते. ग्रामसभेलाही तेच राहू दिले. हनुमंतराव शाळेच्या ओसरीवर माईक घेऊन उभे. पुरुष मंडळी दोन्ही टोकांना भिंतीच्या कडेने, आणि बायका पटांगणाच्या मधोमध, आंब्याच्या सावलीत.

हनुमंतराव आता सरपंच आहेत. वरच्या डोंगराला बाहेरच्या लोकांनी प्लॉट घेतलेत, तिथवर रस्ता न्यायचाय. तो रस्ता ओढ्याकाठच्या तुझ्या आईच्या तीन भातखाचरांतून जातो. सभेत त्यांनी वाचून दाखवलं की ज्यांच्या शेतातून रस्ता जातो त्यांची हरकत असेल तर त्यांनी आत्ता उभं राहून सांगावं, कोणी उभं राहिलं नाही तर संमती धरली जाईल. कोणी उभं राहिलं नाही. हजेरीच्या कागदावर तुझ्या आईचा अंगठा आधीच होता. वहीत लिहिलं गेलं, 'साळूबाई हजर, हरकत नाही.'

चार दिवसांनी माणसं चुन्याची पिशवी घेऊन आली आणि खाचरात पांढऱ्या रेघा ओढायला लागली, तेव्हा तिला कळलं. तिचं म्हणणं एकच, मला काही ऐकूच आलं नाही. एकटी एसटीने वेल्ह्याला गेली, अर्ज दिला. तहसील कचेरीत पाच मार्चला, गुरुवारी सुनावणी आहे. ती तीन खाचरं गेली तर तिच्याकडे वरचा नाचणीचा माळ तेवढा राहतो. भाताचा दाणा येणार नाही. फोनवर ती तुला यातलं काही सांगणार नाही, म्हणून मी लिहितोय. तू रजा काढून ये.

त्या दिवशी वारा होता. आवाज थोडा इकडेतिकडे झाला असेल. मोकळ्या पटांगणात असं होतंच.

जाता जाता एक विचारतो, नुसती माहिती म्हणून. दोन स्पीकर समोरासमोर असतील आणि त्यातल्या एकाची वायर उलटी जोडली गेली असेल, तर मधोमध बसलेल्या माणसाला कितपत ऐकू येईल? आमच्या इथल्या एकाला हवंय.

तुझा (अजून म्हणायचं ना?)
अन्वर

भोर,
मंगळवार, १७ फेब्रुवारी २०२६

ज्ञानू,

तुझं उत्तर आलं नाही. पाकीट परतही आलं नाही, म्हणजे तू ते वाचलंयस एवढं मी धरून चाललोय.

'इथल्या एकाला' म्हणजे कोण हे तू वाचता क्षणीच ओळखलं असशील. तुझ्यापुढे मला कधी खोटं नीट बोलता आलं नाही. तो एक म्हणजे मी.

दिवाळीनंतर डाव्या स्पीकरचा आतला कागदाचा कोन फाटला होता. मी तो नवीन बसवला. लाल वायर संपली होती, म्हणून दोन्ही तारा काळ्याच घेतल्या. म्हटलं, लक्षात राहील कुठली कुठे ती. राहिली नाही. तू असतास तर खोकं बंद करण्याआधी तारांना सेल लावून बघितला असतास. कोन पुढे आला तर बरोबर, मागे गेला तर उलटा, अर्ध्या मिनिटाचं काम. मी बघितलं नाही. का नाही बघितलं ते सांगतो. तो सेल लावायची सवय तुझी होती, आणि तू गेल्यापासून तुझी एकेक सवय मी हट्टाने सोडली.

फेरीही तशीच सोडली. आठवतं ना, एकाने माईकवर एक-दोन-तीन म्हणत राहायचं आणि दुसऱ्याने सगळं पटांगण पायी फिरून ऐकायचं, कोपरान् कोपरा. आंबवड्याच्या कीर्तनात तू फेरी मारून आलास आणि चारशे माणसांसमोर मला म्हणालास, "अन्वर, मदल्या लोकांना बुवा मुके दिसत्यात, वायर उलटी हाय तुजी." लोक हसले. मी म्हणालो, तुझं गणित घेऊन तू जा. आणि तू खरंच गेलास. त्यानंतर एकट्याने बोलणं आणि फिरणं दोन्ही कसं करणार, असं मी सगळ्यांना सांगत आलो. मोबाईलवर आवाज लावून माईकपुढे ठेवला असता तरी भागलं असतं. ते मला सुचलं नव्हतं असं नाही.

परवा हीनाला दाखवलं. तिला पटतच नव्हतं की दोन मोठे स्पीकर चालू असून आवाज जातो कुठे. गोडाऊनसमोर तेच दोघे समोरासमोर ठेवले, बातम्या लावल्या आणि तिला चालायला सांगितलं. एका स्पीकरजवळ ती कान झाकून हसत होती. चालत मध्यावर आली आणि थांबली. आवाज अगदी बारीक, पोकळ, विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसा. दोन पावलं पुढे गेली तर परत येतोय. मागे आली तर गेला.

"असं कसं व्हतंय?" ती म्हणाली.

मी म्हटलं, एक हंड्यात पाणी ओततोय आणि दुसरा त्याच वेळी तेवढंच उपसतोय. दोघांची मेहनत चालू आहे, हंडा रिकामा. आवाज कितीही वाढव, ओतणंही वाढतं आणि उपसणंही वाढतं.

ती परत मध्यावर जाऊन ऐकून आली. मग म्हणाली, "म्हंजी मावशी खरं बोलत्यात."

हो, खरं बोलतात. आणि वाडीत मात्र सगळ्यांनी तिला बहिरी ठरवलंय. स्वतः हनुमंतरावांनीच ते सुरू केलं. आता पोरंसोरंसुद्धा तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून बोलतात. दुकानदार हाताच्या खुणा करतो. बायकांपैकी दोघी-तिघी आधी म्हणाल्या होत्या की आम्हालाही काही कळलं नाही, कोणी उठलं नाही म्हणून आम्हीही बसून राहिलो. आता त्याही गप्प झाल्यात. तुझी आई, जिला आपण दोघं माळ्यावर कुजबुजत विडी पेटवायचो तर खालून ऐकू यायचं! तिला बहिरी म्हणतात आणि मी ऐकून घेतो.

आता खरं अडकलोय ते सांगतो. सभेनंतर नऊ दिवसांनी हनुमंतराव दुकानात आले. चहा घेतला, अम्मीची चौकशी केली. मग म्हणाले, "अन्वरभाई, दोन वळी लिवून द्या. आवाज येवस्तशीर व्हता, समद्या बाजूंना ऐकू येत व्हतं. कचेरीत लागतंय." मी म्हटलं, बघतो. ते म्हणाले, "बगायचं काय त्यात? तुमचाच साऊंड. चांगला न्हवता म्हनता का?"

यावर काय बोलायचं सांग. चांगला नव्हता म्हणावं तर दुकान बुडालं. त्या सगळ्या खोऱ्यात जत्रा, लग्न, हळदी, सगळं त्या माणसाच्या शब्दावर चालतं. आणि वरून त्यांनी हसत हसत एवढंच म्हटलं, "तुमी कशाला आमच्या गावच्या भांडनात पडताय?" त्या 'आमच्या'वर त्यांनी जोर दिला नव्हता. मलाच तो ऐकू आला. पंचवीस वर्षं त्या वाडीचा प्रत्येक उत्सव मी केलाय, तरी एका वाक्यात मी पाहुणा झालो.

मी दिलं लिहून. आपल्याच लेटरहेडवर, तुझं नाव वर छापलेलं असताना. 'ध्वनिव्यवस्था उत्तम होती, सर्व बाजूंना स्पष्ट ऐकू येत होते.' खाली सही, शिक्का.

त्या दिवसापासून मला घास गोड लागत नाही. पुढे जावं तर माझीच सही आडवी येते, मागे यावं तर तुझी आई. हीना रोज विचारत नाही, पण ताट वाढताना माझ्याकडे बघते. दुकानात बसलो तर ते दोन स्पीकर समोर. गोडाऊनचं शटर ओढून टाकलं तरी माहीत असतं की आत आहेत. उलटी वायर मी अजून सुलटी केलेली नाही. धाडस होत नाही. सुलटी केली तर पुरावा मोडला, नाही केली तर तो तसाच बसून माझी वाट बघतो.

शिव्या दे, पण पत्राने दे. फोन लावलास तर मी परत काहीतरी गुळमुळीत बोलेन.

अन्वर

भोर,
शनिवार, २१ फेब्रुवारी २०२६

ज्ञानू,

हे पत्र जपून वाच आणि जपून ठेव. फाडू नकोस.

रोजे सुरू झालेत. उपाशीपोटी माणूस खरं बोलतो असं अम्मी म्हणते. माझ्या बाबतीत तिचा अनुभव तसा नाही, तरी म्हणते. काल सकाळी मी टेम्पो काढला आणि तुमच्या वाडीला गेलो. ठरवलं होतं की तुझ्या आईच्या पायाशी बसून सगळं सांगायचं.

ती अंगणात होती. मी उतरायच्या आत म्हणाली, "ये. वडाच्या वळनावरच वळाकला म्या तुजा टेंपू. शेजारीन मला अजून बोटं नाचवून दाखवतीया, टेंपू येतोय म्हनून."

आणि हसली. मला हसता येईना. तिने चहाला आधण ठेवलं, मग स्वतःच उतरवलं. "रोजा आसंल न्हवं तुजा," म्हणाली. मग आम्ही खाचरावर गेलो. चुन्याच्या रेघा दवाने फिकट झाल्यात, पण दिसतात. ओढ्याला अजून पाणी आहे. ती बांधावर बसली आणि एकेक खाचर हाताने दाखवत राहिली, हे तुझ्या बाबांनी दगड वाहून बांधलं, हे तिने आणि त्यांनी मिळून, आणि तिसरं ते गेल्यावर तिने एकटीने. ते तिसरं सगळ्यात लहान आहे आणि पहिली रेघ नेमकी त्यातूनच गेलीय.

मी म्हटलं, मावशी, मला काही सांगायचंय. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "काय सांगू नगंस," म्हणाली. "मला ठावं हाय. तुजं प्वाट हाय त्याच्यावर. तू मदी पडू नगंस, पोरा. म्या कुनाला सांगितलं न्हाई न् सांगनार बी न्हाई."

ज्ञानू, तिने काय सांगितलं नाही, ते आता मी सांगतो. आधीच्या दोन पत्रांत मी वारा लिहिला, लाल वायर लिहिली, तुझ्या सवयी लिहिल्या, हनुमंतराव लिहिले. सगळं खरं आहे आणि सगळं या एका गोष्टीवर घातलेलं पांघरूण आहे.

मला सभा चालू असतानाच कळलं होतं.

हनुमंतराव बोलायला उभे राहिले तेव्हा माईकने शिट्टी मारली. ते माईकवरच म्हणाले, "काय अन्वरभाई, यंत्र म्हातारं झालं का तुमी?" सगळं पटांगण हसलं. कान तापले माझे. थोड्या वेळाने मी पाणी प्यायला बायकांच्या पलीकडच्या हापशावर गेलो. आंब्याखालून जाताना आवाज गेला. एका पावलात गेला. आपण आंबवड्याला हेच ऐकलं होतं, त्यामुळे ओळखायला क्षणही लागला नाही. परत टेबलाशी आलो. एका स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल करायच्या होत्या. त्यासाठी आवाज अर्धा मिनिट बंद करावा लागला असता. पुन्हा ते काहीतरी बोलले असते, पुन्हा लोक हसले असते. आणि खरं सांगू का, लोकांच्या हसण्याचं एवढं काही नाही, आयुष्य त्यातच गेलं. पण त्या तारा बदलायला मी उठलो असतो तर मनातल्या मनात मला म्हणावं लागलं असतं की ज्ञानू बरोबर होता. तू बडोद्याला, मी तुमच्या वाडीत, मध्ये चार वर्षं, आणि तरी ते मला म्हणवेना. मी नुसता आवाज वाढवला. त्याने काही होत नाही हे माहीत असून वाढवला.

मग हनुमंतराव कागद वाचायला लागले. तुझ्या आईने आजूबाजूला बघितलं. शेजारणीला काही विचारलं, तिने खांदे उडवले. मग तिने माझ्याकडे बघितलं. एवढ्या माणसांत तिला माझ्याकडेच बघावंसं वाटलं, कारण आवाजाचं जे काय असेल ते अन्वर बघेल हा तिचा भरवसा. तिने कानाला हात लावला आणि नाही म्हणून मान हलवली. मी दुसरीकडे बघितलं. आणि ती उठली. माझ्याकडे यायला उठली असेल किंवा मोठ्याने विचारायला. पदर सावरत उभी राहिली होती, ज्ञानू. पूर्ण उभी.

त्याच वेळी माझ्या बाजूच्या स्पीकरमधून मला स्वच्छ ऐकू येत होतं, "हरकत आसंल त्यांनी हुबं ऱ्हावा."

आणि मी तिला हाताने खूण केली. बसा, बसा. खाली बसा.

ती बसली. माझ्यावर विश्वास ठेवून बसली. हनुमंतरावांनी मान वर करून सगळीकडे बघितलं तेव्हा कोणीच उभं नव्हतं.

कागदात काय आहे ते मला आधीपासून माहीत होतं का, असं तू विचारशील. नव्हतं. पण ते शब्द कानावर पडल्यावर मला माझी खूण मागे घेता आली असती. धावत जाऊन सांगता आलं असतं. मी मिक्सरच्या बटणांत मान घातली. माझी खूण कोणी बघितली नाही. फक्त तिला माहीत आहे, आणि पाच मार्चला कचेरीत 'तुम्ही उभ्या का राहिला नाहीत' असं विचारलं तर ती माझं नाव घेणार नाही. बहिरी आहे म्हणून कबूल करेल. मला पोटाला लागू नये म्हणून ती बहिरी व्हायला तयार आहे. बांधावरून परत येताना हे माझ्या लक्षात आलं आणि मला रडू आवरलं नाही. ती म्हणाली, "येडा का खुळा," आणि पुढे चालत राहिली.

आता काय करायचं ते ठरवलंय. दोन्ही स्पीकर आहेत तसे, वायरीला हात न लावता, टेम्पोत घालून पाच तारखेला वेल्ह्याला आणतो. परवानगी दिली तर कचेरीच्या आवारात समोरासमोर लावतो, साहेबांनी मध्ये उभं राहून ऐकावं. हीनाला सांगितलंय. ती म्हणाली, "मी बी येते, यकटं गेलात तर माघारी फिराल." ओळखते मला. पुढच्या हंगामात त्या खोऱ्यातून बोलावणं येणार नाही हे तिलाही माहीत आहे. आधी लिहून दिलेल्या खोट्याबद्दल मला काय व्हायचं ते होईल.

पण माझा माझ्यावर भरवसा नाही. आज लिहितोय, पाच तारखेपर्यंत बारा दिवस आहेत आणि हनुमंतरावांचा चहा अजून एकदा व्हायचाय. म्हणून हा कागद मी माझ्याजवळ ठेवत नाही. तुझ्याकडे पाठवतोय. तू तो घेऊन ये. त्या दिवशी मी आलो नाही, किंवा येऊन काही वेगळंच बोललो, तर हा साहेबांपुढे ठेव. मला विचारू नकोस, माझी कीव करू नकोस. दोन्ही बाजूंनी दार बंद झालेल्या माणसाला कोणीतरी बाहेरून कडी काढावी लागते. ते काम मी तुला सांगतोय, आणि सांगायचा हक्क मला नाही हेही मला कळतं.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते आधी तिला म्हणायचंय, आणि ते तिने काल म्हणू दिलं नाही.

वर लिहिलेलं सगळं मी पुन्हा वाचून पाहिलं. ते माझ्या हातचं आहे आणि खरं आहे. ४ फेब्रुवारीला मी लेटरहेडवर लिहून दिलेलं खोटं होतं. हे कोणाच्याही दबावाखाली लिहिलेलं नाही. दबाव होता, पण तो हे लिहू नये म्हणून होता.

अन्वर दस्तगीर आतार
वय ४६, धंदा साउंड, राहणार भोर
सव्वीस जानेवारीच्या सभेत साळूबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांना खाली बसवणारा मी.